चौदावा हजर

भिंगकाकांना चष्म्याच्या दुकानात कामाला लागून एकतीस वर्षं झाली होती, आणि त्या दुकानातून चष्मा नेलेल्या एकाही गिऱ्हाइकानं त्यांना पाहिलेलं नव्हतं.

दुकान पुढे, काम मागे. पुढे आरसे, दिवे, काचेची कपाटं आणि मालकाचं गोड बोलणं. मागे निळा पडदा, पडद्याआड आठ बाय दहाची खोली, तिच्यात काच घासायचं यंत्र, पाण्याचा नळ आणि एक उंच स्टूल. भिंतीतल्या हातभर खिडकीतून चिठ्ठी आत यायची. चिठ्ठीवर डोळ्यांचे नंबर, फ्रेमचा आकडा आणि 'घाई' किंवा 'सावकाश' एवढाच शेरा. भिंगकाका काच घासायचे, कड साफ करायचे, फ्रेममध्ये बसवायचे, फडक्यानं पुसून त्याच खिडकीतून बाहेर सरकवायचे. पलीकडे कुणीतरी "वा, आता कसं लख्ख दिसतंय!" म्हणालं की इकडे ते स्वतःशीच मान डोलवायचे आणि पुढची चिठ्ठी उचलायचे. काम चोख. इतकं चोख, की तक्रार घेऊनसुद्धा कधी कुणी पडद्याआड आलं नाही.

घरी दोन खोल्या. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेली ती सहा महिन्यांच्या बोलीवर. बाळ रांगू लागलं, चालू लागलं, आता पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागलं, तरी ते सहा महिने काही संपले नव्हते. यात दोष कुणाचाच नव्हता. लेक-जावई दोघंही नोकरीला, आणि नातवाला आजीवाचून घास उतरत नसे. दर बुधवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"कसे आहात?"

"ठणठणीत."

"जेवण?"

"वेळेवर."

"येऊ का महिनाभर? खरं सांगा हं."

"छे गं! तू तिकडचं बघ. मला काय धाड भरलीय?"

मग नातू फोन हिसकावून घ्यायचा, दोन मिनिटं नुसती किलबिल व्हायची, आणि फोन बंद. भिंगकाका जेवून एक ताट, एक वाटी, एक पेला धुवायचे आणि पालथी घालायचे. फडताळातली बाकीची भांडी न वापरताच महिन्यातून एकदा पुसली जायची.

असा माणूस डोंगर चढायला जातो हे मालकाला खरंच वाटत नसे. पण बारा वर्षं झाली, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भिंगकाका पहाटे उठून, बुटांच्या नाड्या दोनदा आवळून, डोंगरमंडळाच्या बसला जात. मंडळात माणसं चौदा. म्होरक्या होते 'मास्तर'. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, पण आवाज अजून मैदानाच्या मापाचा. त्यांचा नंबर एक. विमा विकणारे 'विमेवाले' नंबर पाच. कुणाचीही हुबेहूब नक्कल करणारे, आणि जिभेला हाड नसलेले. बायकांचे कपडे शिवणाऱ्या 'शिवणताई' नंबर तेरा. बोलणं मोजकं, पण कात्रीसारखं. आणि शेवटी नंबर चौदा, भिंगकाका. भिंगकाका हे नावही मंडळानंच दिलेलं.

शेवटच्या माणसाला मंडळात 'शेपूट' म्हणत. शेपटाचं काम मोठं होतं. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्याही मागे राहायचं, कुणाचं काही पडलं तर उचलायचं, कुणी बसलं तर जवळ बसायचं. गळ्यात शिट्टी. एक लांब शिट्टी म्हणजे 'मागे सगळं ठीक, चला'. तीन तुटक शिट्ट्या म्हणजे 'थांबा, मदत हवी'. बारा वर्षांत भिंगकाकांनी तीन शिट्ट्या दोनदा वाजवल्या होत्या, दोन्ही वेळा दुसऱ्यांसाठी.

मास्तरांचा एक नियम होता. विसाव्याला पोचलं की ओळीनं आपापला नंबर मोठ्यानं म्हणायचा, आणि चौदावा नंबर पडेपर्यंत कुणी बाटलीचं बूच काढायचं नाही. "तहान लागली की शेपटाची आठवण राहते," असं मास्तरांचं शास्त्र.

आठवडाभर भिंगकाकांच्या येण्यावाचून कुणाचं काही अडत नसे. पण महिन्यातून एका रविवारी तेरा तहानलेली माणसं डोंगरात बाटल्या मांडीवर घेऊन त्यांची वाट बघत बसलेली असत. ते वळणावर दिसले की गलका व्हायचा. घसा खाकरायची त्यांची सवय होती, "अं-हं, चौदा!" असं ते म्हणत, आणि तेरा बुचं एकदम उघडत. तो आवाज भिंगकाकांना महिनाभर पुरायचा.

हा नियम मोडला तोही त्यांनीच. दोन वर्षांपूर्वी एकदा ऊन असं कडक होतं, की दगडावर हात टेकवेना. भिंगकाका दोन वळणं मागे होते. वरची माणसं घसे कोरडे करून बसलीत हे बघून त्यांना कसंसंच झालं. खालूनच ते ओरडले, "अहो, प्या की पाणी! माझ्यापायी कशाला जीव सुकवता? म्हणा चौदा आणि प्या!"

विमेवाल्यांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी मान खाली घातली, चष्मा नाकावर ओढल्यासारखं केलं आणि हुबेहूब घसा खाकरून म्हणाले, "अं-हं, चौदा!"

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. भिंगकाकाही खालून हसले. मास्तर तेवढे कुरकुरले, "नियम म्हणजे नियम," पण तेही पाणी प्यालेच. त्यानंतर तीच रीत पडली. बारा, तेरा झालं की विमेवाले खाकरायचे. आधी निदान भिंगकाकांच्या काठीची टकटक ऐकू यायची वाट बघत, पुढे तिचीही गरज राहिली नाही. भिंगकाका पोचत तेव्हा बाटल्या रिकाम्या झालेल्या असत आणि निम्मी माणसं उठून कपडे झटकत असत. त्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आपणच दिलेली सवलत मागे कशी घ्यायची?

त्या महिन्यात त्यांना खोकला झाला. आधी कोरडा, मग छातीत खरखरणारा. संध्याकाळी अंग तापायचं. घरात जुन्या गोळ्या होत्या, त्या ते घेत राहिले. दुकानात एकदा खिडकीतून चिठ्ठीऐवजी मालकाचा चेहरा आत आला.

"काका, खोकला फारच वाढलाय."

भिंगकाकांना बरं वाटलं. "हो ना, गेले आठ दिवस..."

"पडदा जरा नीट ओढून घेत जा. गिऱ्हाइकाला ऐकू जातं."

बुधवारी बायकोनं विचारलं, "आवाज बसलाय का?" ते म्हणाले, "फोनच खराब आहे. मी ठणठणीत."

रविवारी जाऊ नये हे त्यांना कळत होतं. पण मागच्या बैठकीत मास्तरांनी विषय काढला होता. साठी झाली की शेपूट दुसऱ्याकडे द्यायचं, असं ठरलेलं होतं, आणि भिंगकाकांच्या साठीला अजून अकरा महिने होते. मास्तर म्हणाले होते, "शेपटाला हल्ली दम लागतो. साठीपर्यंत थांबायचं की आत्ताच बदलायचं?" भिंगकाकांनी कधी नव्हे ते आवाज चढवला. "अकरा महिने राहू द्या. एकदा जरी मी अडलो, तर दुसऱ्या दिवशी शिट्टी आणून देईन." आता आजारी आहे म्हणून घरी बसले, तर ती शिट्टी गेलीच म्हणून समजा. आणि शेपूट सुटलं की उरायचा तो पायथ्याचा गट, म्हणजे बसच्या सावलीत सतरंजी टाकून बसणारी माणसं. त्यांची कुणी मोजणी करत नाही.

पायथ्याशी मास्तरांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना उभं केलं. "कुणाला काही होतंय? इथंच सांगा. इथं सांगाल तर बसमध्ये झोपाल, वर सांगाल तर आमच्या खांद्यावर झोपाल!"

सगळे हसले. भिंगकाकांनी बसमध्येच गोळी गिळली होती आणि ताप उतरल्यासारखा होता. ते मूग गिळून उभे राहिले. शिवणताईंनी नेहमीसारखी आपली दुसरी बाटली त्यांच्या पिशवीत सारली; कापड बेतून बेतून त्यांचा उजवा खांदा धरलेला असायचा.

"जड होईल का हो?"

"बाटली ती काय, ताई!"

"तोंड उतरलंय तुमचं."

"तुमच्या चष्म्याची काच बदलायला हवी," भिंगकाका म्हणाले, आणि ताई हसून पुढे गेल्या.

पहिला विसावा कसाबसा गाठला. तिथून खिंडीपर्यंत उभी चढण. गोळीचा असर ओसरला आणि थंडी वाजू लागली. भर उन्हात दात कडकडत होते. दहा पावलं चालायचं आणि काठीवर वाकून धापा टाकायच्या, असं चाललं. पुढच्या माणसांचे रंगीत टोप्यांचे ठिपके एकेक करून वळणाआड गेले. शेवटी शिवणताईंची पांढरी टोपीही गेली. खिंड शंभर-सव्वाशे पावलांवर राहिली होती. वरच्या माणसांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं, आणि नेमके तिथेच ते एका कपारीला टेकून मटकन खाली बसले.

दोन मिनिटं बसलो की जाऊ, असं त्यांनी ठरवलं. आपल्याला उशीर झाला असं वर कुणाला वाटायला नको म्हणून त्यांनी शिट्टी तोंडाला लावली आणि होता नव्हता तेवढा श्वास घालून एक लांब फुंक मारली. मागे सगळं ठीक.

वरून नंबर सुरू झाले. एक, दोन, तीन. मास्तरांचा आवाज, मग पोरीबाळींचे आवाज, मग भारदस्त आवाज. बारा. तेरा म्हणणाऱ्या शिवणताई. आणि मग जरा थांबून, अगदी त्यांच्यासारखंच, "अं-हं, चौदा!"

हशा पिकला. बुचं उघडल्याचे आवाज आले.

भिंगकाका खाली बसून ते ऐकत होते. आपला आवाज वर आहे, हसणं वर आहे, आणि आपण इथे आहोत. क्षणभर तर त्यांना खरंच वाटलं की आपण पोचलो, ताप आहे म्हणून हे दगड दिसताहेत. मग वर कुणीतरी "चला, माथा गाठू!" म्हणालं, बुटांखाली खडे सरकले, आणि बोलणं हळूहळू खिंडीपलीकडे विरत गेलं. शेवटी एक हसणं राहिलं, आणि मग तेही नाही.

त्यांनी चष्मा काढून खिशातल्या फडक्यानं पुसला. एकतीस वर्षांची सवय. आधी उजवी काच, मग डावी. घालून पाहिलं तरी दरी धूसरच होती. दोष काचेचा नव्हता, हे त्यांना धंद्यामुळे लगेच समजलं.

तीन शिट्ट्या वाजवायला हव्या होत्या. हाकेच्या टप्प्यात होती माणसं अजून. शिट्टी हातात धरून ते बसून राहिले. तीन शिट्ट्या म्हणजे शेपूट गेलं. उद्या शिट्टी नेऊन द्यायची. मग महिन्यातून एक रविवारही इतर रविवारांसारखा. उठू की जरा वेळानं, माथ्यावर गाठू त्यांना, कुणाला कळणारही नाही. असं स्वतःला समजावत त्यांनी अर्धा तास घालवला, आणि उठायला गेले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. छातीत सुरी फिरल्यासारखी कळ आली. खोकल्याची उबळ थांबेना. खूप खाली, पायथ्याशी, बस काडेपेटीएवढी दिसत होती. फोनला तर पायथ्यापासूनच रेंज नव्हती.

तेव्हा मात्र ते घाबरले. त्यांनी तीन शिट्ट्या वाजवल्या. फुंकेत श्वास कमी आणि खोकलाच जास्त. शिट्टीतून धड सूर निघेना, किटलीतून वाफ सुटल्यासारखी फुसफुस तेवढी झाली. पुन्हा वाजवली. पुन्हा. खिंडीपलीकडून काहीच आलं नाही. एक पक्षी समोरच्या दगडावर येऊन बसला, त्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि उडून गेला.

मग भिंगकाकांनी अंगातली सुती बंडी काढून काठीला बांधली, काठी दगडात रोवली, पिशवी पोटाशी धरली आणि वाट बघू लागले. वाट बघायची त्यांना सवय नव्हती. दहा वर्षं दुसऱ्यांनी त्यांची बघितली होती. माथ्यावर गेले तरी विमेवाले पुन्हा खाकरणार, चौदा पडणार, पाणी पिऊन सगळे उतरायला लागणार, आणि उतरायची वाट तर दुसऱ्या बाजूनं. हा हिशेब मनात पक्का झाल्यावर त्यांनी पिशवी आणखी घट्ट धरली. "अं-हं," ते हळूच म्हणाले. "चौदा." आवाज त्यांच्यापुरताच निघाला. पुढचं त्यांना तुटक तुटक आठवतं.

खडे घरंगळल्याचा आवाज आला, आणि शिवणताई जवळजवळ घसरतच त्यांच्यापुढे उतरल्या. टोपी गेलेली, कोपर खरचटलेलं.

"भिंगकाका! अहो, काय करून घेतलंत हे!" कपाळाला हात लावून त्या ओरडल्याच. "इस्तरीसारखं तापलंय!"

मागून मास्तर आणि आणखी चौघं येत होते. विमेवाले सगळ्यात शेवटी होते.

"तुम्हाला कसं कळलं?" भिंगकाकांनी विचारलं.

ताईंनी त्यांच्या पोटाशी धरलेली पिशवी सोडवली, आतली आपली बाटली काढली आणि आधी त्यांच्या ओठांना लावली. मग स्वतः घटाघटा प्यायल्या. "खोटं कशाला बोलू? तुमची आठवण म्हणून नाही कळलं. माथ्यावर नंबर झाले, सगळ्यांनी बाटल्या उघडल्या, माझी पहिली संपलेली. दुसरी मागायला मागे वळले, तर तुम्ही कुठे? मी म्हटलं, आत्ता चौदा कोण म्हणालं? सगळे विमेवाल्यांकडे बघायला लागले. तहान लागली म्हणून आले मी." आणि एवढं बोलून त्या पदर नसताना पदर शोधल्यासारखं करत बाहीनंच डोळे पुसू लागल्या.

दोन काठ्या आणि एक चादर यांची झोळी करून त्यांना खाली आणलं. मास्तर सकाळी म्हणाले होते तसं झालं, ते सगळ्यांच्या खांद्यावर झोपले. पायथ्याच्या गावातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली.

"न्यूमोनिया आहे. किती दिवस अंगावर काढलंत?"

"बारा-तेरा."

"घरात कुणी टोकलं नाही?"

भिंगकाकांनी छताकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी शहरातल्या इस्पितळात पाठवायची चिठ्ठी लिहिली. भिंगकाकांनी सवयीनं चिठ्ठीवर शेरा शोधला. 'घाई' असंच लिहिलेलं होतं.

मास्तरांनी गाडीत विचारलं, "वहिनींना कळवू?"

"मी कळवतो," ते म्हणाले.

इस्पितळात खिडकीजवळची खाट मिळाली. नाकाला नळी, हाताला सुई. सोमवारी मंडळातली माणसं फळं घेऊन आली, खाटेभोवती उभी राहिली, एकमेकांना 'हळू बोला' म्हणत मोठ्यानं बोलली आणि भेटीची वेळ संपल्यावर गेली. मंगळवारी विमेवाले एकटेच आले. खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

"भिंगकाका, मी तो तुमचा आवाज काढला... दोन्ही वेळा मीच..."

"छान काढलात," भिंगकाका म्हणाले. "मला स्वतःलासुद्धा वाटलं, पोचलो वर."

विमेवाल्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण तो साधला नाही. मग म्हणाले, "मास्तरांनी सांगितलंय, यापुढे ज्याचा नंबर त्यानंच म्हणायचा. आणि शेपूट... आता नऊ नंबरकडे."

भिंगकाकांनी उशीखाली हात घालून शिट्टी काढली. दोरी नीट गुंडाळून, फडक्यानं पुसून, त्यांच्या हातात दिली. "त्याला सांगा, फुंकताना दम ठेवून फुंकायची. आणि तीन वाजवायच्या असतील तर लगेच वाजवायच्या. अर्धा तास लावायचा नाही."

बुधवार आला. संध्याकाळी शिवणताई आपलं शिवणाचं दुकान बंद करून आल्या होत्या आणि भिंगकाकांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावत होत्या. सहाच्या ठोक्याला फोन वाजला. ताईंनी तो उचलून त्यांच्या हातात दिला आणि बटण अर्धवट ठेवून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"कसे आहात?"

शब्द ओठांवर आलाच होता. चार वर्षं तो ठरल्या वेळी, ठरल्या सुरात पडत आला होता. त्यासाठी विचार करावा लागत नसे, आपण तिथे असावंही लागत नसे. भिंगकाकांनी घसा खाकरला. खाकरताना त्यांना खिंडीखालचा तो दगड आठवला, आणि वरून आलेला आपलाच आवाज.

"अहो? ऐकू येतंय ना? कसे आहात?"

"मी बरा नाही गं," ते म्हणाले.

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. नातू काहीतरी मागत होता. तिनं त्याला दटावलं नाही, पण उत्तरही दिलं नाही. दार लोटल्यासारखं ऐकू आलं आणि किलबिल थांबली.

"काय होतंय? आधीपासून सांगा."

ते सांगायला गेले आणि उबळ आली. बोलता येईना. एरवी अशा वेळी 'फोन खराब आहे' म्हणून त्यांनी ठेवून दिला असता. खोकता खोकताच ते कसेबसे म्हणाले, "अगं, वेळ लागेल. तुझं काम असेल तर..."

"काही काम नाही," ती म्हणाली. "होऊ दे खोकून. मी थांबलेय."

भिंगकाका खोकत राहिले. खोकला लवकर आवरला नाही. मधेच त्यांनी फोन कानाला घट्ट लावून पाहिला. पलीकडे कुणी बोलत नव्हतं, पण श्वास ऐकू येत होता.